कोकणकडा, खालून वर

गुरुवार

हरिश्चंद्रगडावर जाणारे बहुतेक लोक कोकणकडा वरूनच बघतात. पाचनईतून चढायचं, हरिश्चंद्रेश्वराचं मंदिर आणि केदारेश्वराची गुहा बघायची, आणि ऊन कललं की काठाशी पालथं पडून खाली डोकावायचं. मीही कॉलेजात असताना तसाच बघितला होता. पण पालथं पडल्यावर कडा दिसतच नाही, दिसते ती नुसती दरी. कडा आपल्या पोटाखाली आत वळलेला असतो. तो बघायचा तर ठाणे जिल्ह्यात, मुरबाड तालुक्यातल्या बेलपाड्याला यावं लागतं.

कल्याण, मुरबाड, टोकावडे करत मोरोशी मागे टाकली, सावर्ण्याहून आत वळलो आणि उन्हं तिरपी व्हायच्या सुमाराला बेलपाड्यातल्या मामांच्या अंगणात सामान उतरवलं. रोप म्हणजे दोर, रोपावर पकड घेत वर सरकायचे झुमार, भेगेत बसवून आधार घ्यायचे फ्रेंड, ठोकायच्या मेखा म्हणजे पिटॉन, कातळात भोक पाडून बसवायचे बोल्ट, हातोड्या, पाण्याचे कॅन, शेंगदाणे, गूळ, खजूर, आणि जुन्या जीन्सच्या फाडलेल्या पाट्या. या पाट्या कशाला, असं मामांच्या नातवाने विचारलं. दगडाच्या धारेवर रोप घासू नये म्हणून त्याखाली घालायला, असं बारक्याने त्याला समजावलं. बारक्या आमच्यातला सगळ्यात धाकटा आणि सगळ्यात चांगला चढणारा. लीड, म्हणजे सगळ्यांच्या पुढे चढणं, बहुतेक तोच करणार होता. मास्तर त्याच्या जोडीला. तात्या म्हणजे मोहिमेचा म्होरक्या, पन्नाशी उलटलेला माणूस. डॉक्टर आणि आणखी एक जण पाचनईमार्गे गडावर जाऊन काठावर बसणार होते. काठावर माणूस कशाला लागतो, ते रविवारी कळेलच.

अंगणातून कडा आख्खा दिसतो. अर्धं फोडलेलं रांजण उभं करून ठेवावं तसा त्याचा आकार. सुमारे 1800 फूट सांगतात. खालच्या भागात कातळ जरा कलता आहे, मधे सरळसोट, आणि वरचा भाग चक्क बाहेर झुकलेला. तात्यांनी दुर्बीण लावून आमची लाइन पुन्हा एकदा दाखवली: कुठली घळ, कुठला गवताचा पट्टा, कुठे काळ्या ओघळांची रेघ. मी वहीत पुन्हा चितारून घेतलं. मामा तंबाखू मळत शेजारी येऊन बसले. म्हणाले, "बघून घ्या निवांत. उद्यापास्नं दिसायचा नाय."

तसंच असतं ते. पायथ्याशी गेलं की कडा दिसेनासा होतो, समोर उरतो तो फक्त दगड.

रात्री भाकरी-पिठलं खाताना अरुण सावंतांचा विषय निघाला. तो निघणारच होता. सह्याद्रीत इतकी वर्षं हिंडलेला, कड्यांवर दोर लावण्यात मुरलेला तो माणूस 2020 च्या जानेवारीत याच कड्यावर गेला. त्याआधी असे अपघात 'नवख्यांचे' म्हणून बाजूला सारता यायचे, तेव्हापासून ती सोय राहिली नाही. तात्या त्यांना भेटलेले होते. ते काही बोलले नाहीत. पानातलं संपवलं आणि उठून उद्याच्या रोपांच्या गाठी पुन्हा तपासायला बसले. मग आम्हीही बसलो.

शुक्रवार

दिवसभर हमाली. गावातली चार पोरं आणि आम्ही, कोरड्या ओढ्यातल्या धोंड्यांवरून आणि कारवीतून सामान पायथ्याला नेत होतो. सगळ्यात जड पाणी. कड्यावर पाण्याचा थेंब मिळत नाही आणि कडा पश्चिमेकडे तोंड करून असल्यामुळे दुपारपासून सूर्य मावळेपर्यंत सगळं ऊन थेट अंगावर. माणशी दिवसाला तीन लिटर धरले तरी कॅनची रांग लागते.

दुपारनंतर बारक्या आणि मास्तरांनी सुरुवातीचे दोन टप्पे लावून घेतले. अवघड काही नाही, पण सगळं वाळलेल्या गवताचं. सह्याद्रीतल्या चढाईत ज्याला सगळ्यात कमी लेखलं जातं तो धोका म्हणजे हे गवत. कातळाला घाबरणारा माणूस गवतावर बिनधास्त पाय टाकतो, आणि पावसाळ्यानंतर वाळून आडवं झालेलं गवत तेल लावल्यासारखं निसटतं. खाली मातीही नसते, मुरमाचा थर असतो बोटभर. इथे ना मेख बसते ना फ्रेंड. बारक्या ते चाळीस-पन्नास फूट गप्प राहून चढला. एरवी त्याचं तोंड बंद नसतं.

शनिवार

पहाटे निघालो. लावलेल्या रोपावर झुमार मारत कालच्या टोकाला पोचलो तेव्हा नुकतं फटफटत होतं. सकाळी कडा सावलीत असतो, हात गार पडतात. तरी चढाई करायची ती याच वेळात.

आता खरा कातळ सुरू झाला. हा सगळा बेसॉल्ट. 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे थर एकावर एक. प्रत्येक थराचा मधला भाग घट्ट, काळा, त्याला खाचा कमी पण आहेत त्या भरवशाच्या. थराचा माथा मात्र सच्छिद्र आणि ठिसूळ, आणि दोन थरांच्या मधे कधीकधी तांबड्या मातकट दगडाची पट्टी, जी नखाने खरवडली तरी सुटते. त्यामुळे इथली चढाई एकसारखी नसते. साठ-सत्तर फूट सुरेख कातळ, मग वीस फूट भुगा, मग गवताचा पट्टा, मग पुन्हा कातळ. माणूस खरा अडकतो तो त्या वीस फुटांत.

अशा जागी बारक्या प्रत्येक दगड हात टाकण्याआधी हातोडीने वाजवून बघत होता. ठण्ण आवाज आला तर दगड मूळ कड्याचा. बद्द आला तर तो नुसता टेकून उभा आहे. खाली बिले देत, म्हणजे त्याचा दोर धरून सोडत-आवळत बसलेल्या मला बारक्या दिसत नव्हता, फक्त हे आवाज ऐकू येत होते. ठण्ण. ठण्ण. बद्द. मग बराच वेळ काहीच नाही. मग "दगड!" अशी आरोळी, आणि मी हेल्मेट कातळाला लावून खांदे आवळून घेतले. टीव्हीएवढा एक तुकडा माझ्या डावीकडून गेला. खाली झाडीत पडल्याचा आवाज यायला इतका वेळ लागला की मला वाटलं तो अडकला असावा कुठेतरी.

भीतीबद्दल मला जे सांगायचं आहे ते या बिलेच्या जागेचं आहे. लोक विचारतात, चढताना भीती नाही वाटत? चढताना फारशी वाटत नाही. डोळ्यांसमोर एक हातभर दगड असतो, त्यावर बोट कुठे बसेल हे शोधण्यात डोकं गुंतलेलं असतं. भीती बसलेल्या माणसाला धरते. दोन बोल्टांना लटकून, पाय कातळाला टेकवून, तीन-तीन तास दुसऱ्याला दोर सोडत बसायचं. हातांना काम अर्ध्या मिनिटाला एकदा. बाकीचा सगळा वेळ मन रिकामं. मग ते गाठीकडे बघतं. बोल्टकडे बघतं. हा बोल्ट कोणी मारला, किती पावसाळ्यांपूर्वी, त्याच्या हँगरवर, म्हणजे दोर अडकवायच्या पट्टीवर, गंज आहे तो वरवरचा की आतपर्यंत? गेल्या पावसाळ्यात याच्या भोवतालचा दगड फुगला असेल का? मघाशी हे सगळं तपासून, जोडीला नवा बोल्ट मारून, दोन्हींवर भार वाटून झालेला असतो. तरी मन पुन्हा तिथेच.

याला माझा उपाय म्हणजे हातांना काम देणे. स्लिंगा उलगडून पुन्हा गुंडाळायच्या. खाली सोडलेल्या रोपाचे वळसे पायावर नीट लावायचे. मास्तर अशा वेळी वर्गाची हजेरी म्हणतात, पहिल्या नंबरापासून. त्यांच्या शेजारी दोन तास लटकलं की सातवी अ पाठ होते.

दुपारी ऊन आलं आणि कातळ तापला. गवताच्या एका रुंद पट्ट्यावर थांबलो. रुंद म्हणजे माणूस आडवा झोपला तर पाय अधांतरी राहणार नाहीत इतकाच. रात्री हार्नेस न सोडता, रोपाला बांधलेल्या अवस्थेतच स्लीपिंग बॅगेत शिरलो. झोपेत कूस बदलली की कमरेला दोर जाणवायचा. एरवी त्रास झाला असता, इथे बरं वाटत होतं.

रविवार

हा दिवस लोकांचा.

कोकणकड्याच्या काठाची एक ख्याती आहे. दुपारी कोकणातून वारा चढतो तो या अर्ध्या रांजणात कोंडतो आणि उसळून वर येतो. काठावरून टोपी टाकली तर ती परत येते. याच काठावर इंद्रवज्र दिसतं, म्हणजे खालच्या धुक्यावर आपल्या सावलीभोवती इंद्रधनुष्याचं पूर्ण कडं. 1835 साली कर्नल साईक्सने ते पाहिल्याची नोंद आहे. पावसाळा सरता सरता लोक त्यासाठीही येतात, आणि हिवाळ्यातल्या शनिवार-रविवारी तर नुसतेच येतात.

टोपी परत येते हे बघून काही जणांना वाटतं, सगळंच परत येत असेल. मग ते दगड टाकतात.

कड्याचा वरचा भाग बाहेर झुकलेला असल्यामुळे काठावरून सुटलेला दगड मधल्या भिंतीला शिवतही नाही. तिच्यापासून लांबूनच जातो. पण खालचा टप्पा पुढे आलेला आहे, तो दगड तिथे फुटतो. म्हणजे आम्ही जितके वर तितके सुरक्षित, आणि खाली पायथ्याशी पाणी घेऊन येणारी गावची पोरं सगळ्यात धोक्यात. त्यांना वॉकीटॉकीवरून कालच सांगून ठेवलं होतं, रविवारी दिवसभर पायथ्याला यायचं नाही.

सकाळी नऊच्या सुमाराला पहिला दगड आला. आधी आवाज येतो, भुंग्यासारखा. वर बघायचं नाही, अंग कातळाला चिकटवायचं, एवढं शिकवलेलं असतं. तरी मान वर जाते. दगड आमच्यापासून बऱ्याच अंतरावर, हवेत गरगरत गेला. मागोमाग एक प्लास्टिकची बाटली. ती मात्र वाऱ्यावर हेलकावत राहिली.

वॉकीटॉकीवर डॉक्टरांचा आवाज आला, "बघितलं. जाते."

पुढचं संभाषण आम्ही सगळ्यांनी ऐकलं, कारण डॉक्टरबाईंनी बटण दाबून धरलं होतं.

"दादा, दगड कोणी टाकला?"

"असंच टाकला मॅडम, आवाज किती वेळाने येतो ते बघत होतो."

"खाली माझी चार माणसं लटकलीयत. हे घ्या, बोला त्यांच्याशी."

थोडा वेळ खरखर. मग एक ओशाळलेला आवाज, "हॅलो... सॉरी हां दादा. तुम्ही खरंच खाली आहात?"

"आहोत," तात्या म्हणाले. "चहा घेतला का?"

तो मुलगा दुपारपर्यंत डॉक्टरांच्या बरोबरीने काठावर फिरून इतरांना दगड टाकू नका म्हणून सांगत होता. तरी दिवसभरात आणखी तीन-चार आले. हा सगळा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, फलक लावलेले आहेत. फलक वाचून माणूस दगड खाली ठेवतो यावर माझा फारसा विश्वास नाही. समोर उभं राहिलेलं माणूस लागतं.

चढाई त्या दिवशी जेमतेम शंभर फूट.

सोमवार

मोहोळाचा दिवस.

आमच्या लाइनच्या उजव्या हाताला, तीसेक फुटांवर, एका छपरासारख्या कातळाखाली आग्या मोहोळ लटकत होतं. गुरुवारी दुर्बिणीतून ते काळ्या डागासारखं दिसलं होतं. जवळून ते दरवाजाच्या फळीएवढं निघालं. त्याच्या पृष्ठभागावरून मधूनमधून एक लहर जात होती, एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे. हजारो माश्या एका तालात पोट उचलतात, त्याची ती लहर. हे 'आम्ही जाग्या आहोत' असं सांगणं असतं.

सह्याद्रीत दगड आणि गवताइतकीच माणसं या माश्यांनी अडचणीत आणली आहेत. मोहोळ उठलं की जमिनीवरचा माणूस निदान पळतो. दोरावरचा कुठे पळणार? त्यामुळे आमचे नियम कडक: मोहिमेत कोणी अत्तर-डिओ लावायचं नाही, विडी-काडी नाही, लेजवर, म्हणजे मुक्कामाच्या अरुंद पट्ट्यावर, स्टोव्ह पेटवायचा नाही (म्हणून तर शेंगदाणे-गूळ), आणि मोहोळाच्या पट्ट्यात ठोकाठोक नाही. मामांनी निघताना एवढंच सांगितलं होतं, "ऊन पडायच्या आत निघून जा त्याच्या म्होरनं. गारठ्यात ती आळसट असते."

खरी मेख या ठोकाठोकीत होती. त्या पट्ट्यातला कातळ गुळगुळीत. एरवी अशा जागी बोल्ट मारतात, मशीनने भोक पाडून किंवा हाताने ठोकून. दोन्हीचा आवाज आणि हादरा दगडातून मोहोळापर्यंत जाणार. बोल्ट मारायचा नाही म्हटलं तर मिळेल त्या खाचेत फ्रेंड बसवत चढायचं, आणि खाचा लांब लांब. म्हणजे बारक्या सुटला तर पडणार तो बराच खालपर्यंत. एकीकडे पडायची भीती, दुसरीकडे माश्यांची. आदल्या रात्री लेजवर यावर बरीच वादावादी झाली. मास्तरांचं म्हणणं, डावीकडून वळसा घालू, एक दिवस जाईल पण जाऊ दे. तात्यांचं म्हणणं, डावीकडे सगळी तांबडी पट्टी आहे, तिथे बोल्टही धरणार नाही. तात्या शेवटी बारक्याकडे वळले. "तुला जायचंय. तू सांग."

बारक्या म्हणाला, "फ्रेंडवर जातो. पण पहाटे. आणि तात्या, तुम्ही बिले द्या."

यावर कुणी काही बोललं नाही. बिलेला मास्तर जास्त तयार, हे सगळ्यांना माहीत होतं. पण चढणारा ज्याच्या हातात दोर मागतो त्याच्या हातात तो द्यायचा असतो.

साडेसहाला तो निघाला. अंगभर कपडे, हेल्मेटवरून जाळी, हातमोजे काढलेले. कॅरॅबिनर, म्हणजे दोर अडकवायच्या कड्या, एकमेकांवर आपटू नयेत म्हणून त्याने क्विकड्रॉ, म्हणजे पट्टीने जोडलेल्या त्यांच्या जोड्या, एकेक सुटे फडक्यात गुंडाळून कमरेला लावले होते. मी तात्यांच्या शेजारी लटकत होतो. बोलणं बंद, खुणा आधीच ठरवलेल्या, दोराला एक झटका म्हणजे सैल सोड, दोन म्हणजे आवळ.

पहिला फ्रेंड त्याने पंधरा फुटांवर बसवला. दुसरा आणखी वीसवर. मग तो मोहोळाच्या उंचीला आला आणि थांबला. उजवा पाय एका बोटभर पायरीवर, डावा नुसता घासून धरलेला, दोन्ही हात डोक्याच्या वर एका आडव्या भेगेत. त्या भेगेत फ्रेंड बसत नव्हता. एक काढून त्याने दुसरा लावून बघितला, मग तिसरा. त्याची डावी पोटरी थरथरायला लागलेली मला खालून स्पष्ट दिसत होती. शिवणयंत्राचा पाय म्हणतात याला आमच्यात. मोहोळावरून लहर गेली. एक-दोन माश्या सुटून त्याच्या जाळीपाशी घोटाळल्या.

तात्यांनी दोर इंचभरही हलवला नाही. त्यांचे डोळे बारक्याच्या पायांवर होते आणि ओठ हलत होते. नंतर विचारलं तर म्हणाले, मोजत होतो. काय मोजत होतात? ते सांगेनात.

बारक्याने फ्रेंड पुन्हा कमरेला अडकवला, डावा पाय उचलून हिपच्या उंचीला नेला आणि त्या भेगेवरच उभा राहिला. म्हणजे जिथे आधार घ्यायचा तिथे न घेता पुढे. खालच्या फ्रेंडपासून तो आता इतका वर होता की मी तो हिशेब करायचं थांबवलं. पुढची दहा-बारा फुटं त्याने कशी केली ते मला सांगता येणार नाही, कारण मी मोहोळाकडे बघत होतो. दोराला झटका आला. एक. मग लगेच आणखी एक. आवळ. त्याला वर एक जाड भेग मिळाली होती आणि तिच्यात फ्रेंड कोपरापर्यंत हात घालून बसवला होता.

आम्ही बाकीचे झुमारवर त्याच्या मागोमाग, तोंडातून शब्द न काढता. ऊन मोहोळावर यायच्या आत सगळे त्याच्या वर होतो. दहा-बाराच्या सुमाराला खालून घोंघावण्याचा आवाज वाढलेला ऐकू आला. तोवर आम्ही पुढच्या स्टेशनला खजूर खात होतो आणि बारक्याचं तोंड पुन्हा सुरू झालं होतं.

मंगळवार

वरचा भाग. इथून कडा डोक्यावर येतो. बारक्या आणि मास्तर पहाटेच पुढे गेले. जुन्या-नव्या बोल्टांवर एट्रियर, म्हणजे पट्ट्यांच्या छोट्या शिड्या, लावत, एकेक पायरी चढत त्यांनी झुकलेला पट्टा पार केला आणि मला झुमारवर यायची खूण दिली. तात्या माझ्या मागून येणार होते.

अशा झुकलेल्या जागी झुमारवर आलं की पाय कातळाला टेकत नाहीत. माणूस हवेत लोंबतो आणि रोपाच्या पिळाबरोबर सावकाश फिरत राहतो. समोर कधी कडा, कधी कोकण, पुन्हा कडा. खाली बेलपाड्याची कौलं. वरचा झुमार सरकव, पायावर उभा राहा, छातीचा सरकव, बस. एवढंच काम, पण ते काम आहे, त्यामुळे मी बरा होतो. पाकोळ्या पायांखालून सूं करून जात होत्या.

मधेच एका ठिकाणी रोप पुन्हा कातळाला लागत होता. एक नाकासारखा पुढे आलेला दगड, त्यावरून तो वळून वर गेला होता. मी त्या नाकाच्या दहा-बारा फूट खाली असताना फिरता फिरता तोंड कड्याकडे आलं आणि मला रोपावर पांढरं काहीतरी दिसलं. आधी वाटलं पक्ष्याची शीट. पुढच्या फेरीत नीट बघितलं.

रोपाचं वरचं विणलेलं साल फाटून मागे गुंडाळलं गेलं होतं आणि आतले पांढरे धागे दिसत होते. त्याखाली घातलेली जीन्सची पाटी सरकून बाजूला लोंबत होती.

रोपाची ताकद मुख्यतः त्या आतल्या धाग्यांत असते, साल हे त्यांचं संरक्षण. साल गेलं म्हणजे रोप लगेच तुटतो असं नाही. पण मी हललो की तो त्या धारेवर घासणार, आणि आता घासायचं ते थेट धाग्यांनी. हे सगळं मला पाठ होतं. मी आठवड्याला पोरांना हेच शिकवतो.

वर ओरडलो नाही. सावकाश वॉकीटॉकी तोंडाशी नेला आणि शक्य तितक्या साध्या आवाजात सांगितलं, "मास्तर, नाकावर रोपाचं साल गेलंय. मी त्याच्या खाली आहे. दुसरा रोप सोडा."

"हलू नकोस."

"माझ्या खाली पाच-सहा फुटांवर बोल्ट आहे. तिथे उतरतो."

झुमारवर उलटं उतरणं हे चढण्यापेक्षा कितीतरी किचकट. अंगठ्याने दाता किंचित सोडवायचा, दोन बोटं खाली घ्यायचा, पुन्हा धरू द्यायचा, मग दुसरा. धक्का बसता कामा नये. ती पाच-सहा फुटं मी इतकी एकाग्र होऊन उतरलो की आजही मला त्या रोपाचा निळा-लाल विणीचा नमुना डोळ्यांसमोर आणता येतो. बोल्टची उंची आली तरी तो हाताला येईना, कडा आत वळलेला. एट्रियर फेकून त्याच्यात अडकवला आणि स्वतःला ओढून घेतलं. कॅरॅबिनर बोल्टमध्ये टाकला. दुसऱ्या स्लिंगने आणखी एक. भार रोपावरून बोल्टवर घेतला.

आणि तेव्हा भीती आली. आता मी तुलनेने सुरक्षित होतो, हातांना काम उरलं नव्हतं. तोंड एकदम कोरडं, बोटं बधिर, आणि पोटातून एक कळ. वर मास्तरांना दुसरा रोप मोकळा करून, वेगळ्या जागेवरून, धार टाळून सोडायचा होता. त्याला वेळ लागणार होता. तोवर त्या एका बोल्टवर मी आणि माझं डोकं.

खालून तात्यांचा आवाज आला, वॉकीटॉकीवर नाही, नुसताच. "पाय हलव रे!"

ते बरोबर होतं. हार्नेसमध्ये निश्चल लटकलं की मांड्यांचे पट्टे आवळतात, रक्त पायांत साचतं, आणि माणूस काही दुखापत नसताना बेशुद्ध पडू शकतो. मी एट्रियरच्या पायऱ्यांत पाय घातले आणि जागच्या जागी चढ-उतर सुरू केली. एक पायरी वर, एक खाली. मग मास्तरांची सातवी अ म्हणायला सुरुवात केली. सव्विसाव्या नंबरला अडकलो. खाली तात्यांना विचारलं, "सव्वीस कोण?" त्यांनाही आठवेना. दोघं मिळून ते आठवत बसलो. ते नाव काही आठवलं नाही, पण हातांची बोटं परत आली.

रोप आला तेव्हा त्याच्या टोकाला मास्तरांनी वजन म्हणून पाण्याची बाटली बांधली होती. आधी ती प्यायलो. मग झुमार नव्या रोपावर, दोनदा तपासून, आणि वर. नाकाशी पोचल्यावर त्या फाटक्या जागेला हात लावून बघितला. धागे सगळे शाबूत होते, निदान दिसायला. मी पाटी काढून खिशात घातली.

ऊन कलता कलता काठावर डोकं काढलं. डॉक्टरांनी हार्नेसला धरून आत ओढलं आणि पहिल्यांदा बुबुळं तपासली, मग पाय दाबून बघितले. "बस इथे. उठायचं नाही अर्धा तास." काठावर त्या दिवशी कोणीही नव्हतं. मंगळवार.

मास्तरांना विचारलं, सव्वीस कोण? ते म्हणाले, "सव्वीस नंबर नाहीच. ती मुलगी जूनमध्ये शाळा सोडून गावी गेली."

बुधवार

सकाळपासून दोर ओढायचं काम. कड्यावर लावलेला प्रत्येक फूट परत वर यायला हवा, शिवाय लोकांनी काठावर टाकलेल्या बाटल्या दोन पोती भरल्या, त्याही खाली न्यायच्या. एक रोप मधल्या पट्ट्यात अडकला. बारक्या तो सोडवायला उतरतो म्हणाला, तात्यांनी नाही म्हटलं. तासभर तिघांनी वेगवेगळ्या बाजूंनी झटके देऊन तो निघाला.

साल गेलेला रोप मंदिरापुढच्या फरसावर पसरून हातात घेत घेत तपासला. फाटलेल्या जागेच्या दोन्ही बाजूंना दहा-दहा फूट माप घेऊन तात्यांनी तो कापला. मधला तुकडा मी मागून घेतला, पोरांना दाखवायला. उरलेल्या दोन लांबींवर लाल चिकटपट्टी लावली: यापुढे फक्त सामान ओढायला, माणसाला नाही. मग सगळं पाठीवर मारून पाचनईकडे निघालो. गाडी चारला येणार होती आणि तात्यांना त्याआधी मामांना फोन करून पायथ्याचे कॅन उचलायला सांगायचे होते, पण रेंज पार खाली, गावाजवळ आल्यावर मिळाली.